गोदूताईंची सकाळ

११ मे १९३७. रातांबे फोडायला घेतले आहेत. पालीहून परवा टोपली आली, तिच्या तळचे कालच मऊ पडले होते. बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची, संध्याकाळी त्यांना रस चोळायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा ऊन दाखवायचं. पाऊस यायच्या आत आमसुलं बरणीत पडायला हवीत. त्यामुळे सकाळी गोदूताईंना बोटीवर पोचवून आले, लुगडं बदललं आणि थेट विळीवर बसले. माणूस गेलं म्हणून रातांबे थांबत नाहीत.

‘गेलं’ वाचून कोणी गैरसमज करून घेऊ नये. गोदूताई दाभोळला भाच्याकडे गेल्या आहेत, पेन्शन घेऊन, आणि जाताना खलाशांशी भांडून गेल्या आहेत.

गोदूताई म्हणजे इथल्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई. लहानपणीच नवरा गेला, मग भावाने पुण्याला ठेवून शिकवलं, एवढंच मला माहीत आहे. त्याची हकीगत त्या सांगत नसत आणि मीही कधी विचारली नाही. आमच्या घराच्या अर्ध्या भागात त्या भाड्याने राहायच्या. पडवी एक, विहीर एक, आणि मध्ये कुडाची भिंत. या भिंतीतून पलीकडच्या फोडणीचा वास येतो, तिथे माणसाचा आवाज यायला काय अडचण.

मी या घरात आले त्या पहिल्याच आठवड्यात पहाटे जाग आली ती पलीकडच्या बोलण्याने. गोदूताई कोणाला तरी समजावत होत्या. “उठा मामलेदार. रोज रोज काय हे. तुम्हाला कचेरी नसेल, मला शाळा आहे.” मग जरा वेळ शांतता. मग पुन्हा, “बरं, निदान पाय तरी खाली सोडा.”

मी यजमानांना हलवून उठवलं. ते मामलेदार कचेरीतच कारकून. त्यांनी ऐकलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. दिवसभर कचेरीत त्यांनी साहेबांच्या नजरेला नजर दिली नाही. संध्याकाळी मी विहिरीवर गोदूताईंना सरळ विचारलं, की तुमच्याकडे पहाटे कोण येतं. त्या इतक्या हसल्या की त्यांना रहाट धरून उभं राहावं लागलं. मामलेदार म्हणजे त्यांचा उजवा गुडघा. मर्जी असेल तेव्हा हलणार, नसेल तेव्हा सगळ्यांना दारात तिष्ठत ठेवणार. डावा गुडघा अव्वल कारकून, साहेब बसले की तोही बसायचा. दोन मनगटं म्हणजे जावा: एरवी एकमेकींशी पटत नाही, पण रुसायचं तर दोघींनी एकदमच. आणि हाताची बोटं म्हणजे पहिलीचा वर्ग. त्यातलं एकही ऐकत नाही.

त्यांना वात होता. तिशी उलटायच्या आतच लागला. लोक वात म्हटलं की म्हातारपण धरतात आणि मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळतात. ते गोदूताईंना मुळीच खपत नसे. इथल्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना एकदा नीट बसवून समजावून सांगितलं होतं, आणि गोदूताईंना एखादी गोष्ट समजली की ती दुसऱ्याला समजावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. धंदाच तो.

“म्हातारपणाचा वात दिवसभर राबलं की दुखतो,” त्या सांगायच्या. “माझा रात्रभर निजलं की दुखतो. तो झिजल्यामुळे होतो. हा झिजल्यामुळे नाही, सांध्यांना आतून आग लागल्यासारखं होतं आणि ते सुजतात. तरण्या बायकांना जास्त धरतो. म्हातारीला वात झाला तर कोणीतरी पाय चेपून देतं. तरुण बाईला झाला तर तिला आळशी म्हणतात.”

या रोगाला मुळापासून औषध नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक खारट मिश्रण पोटात घ्यायचं, त्याने कानात शिट्ट्या वाजायच्या. वाळूच्या पुरचुंडीने शेकायचं. सूज भडकली की विश्रांती, ओसरली की सांधे हलते ठेवायचे. एवढंच. पण रत्नागिरीत औषध नाही असं कोणी मान्य करतं का? भेटेल तो औषध सांगायचा. निगडीचा पाला, एरंडेल, तांब्याचं कडं, समुद्राच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून घेणं. गोदूताई सगळं लक्ष देऊन ऐकायच्या आणि विचारायच्या, “तुम्हाला याने गुण आला?”

“छे, मला कुठे वात आहे.”

“मग आलाच म्हणायचा गुण.”

एका मे महिन्याच्या सुट्टीत भावाच्या आग्रहाखातर त्या आरवलीच्या गरम झऱ्यावर राहून आल्या. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणाल्या, “पाणी फार चांगलं हो वहिनी. बैलगाडीत जाताना जेवढा वाढला तेवढा सगळा पाण्यात उतरला. मग बैलगाडीतून परत आले.”

त्यांचा एक कडक नियम होता. सकाळी त्यांच्या दारात कोणी यायचं नाही. मग ती शेजारीण असो, भाऊ असो नाहीतर शाळेचा शिपाई. दाराला आतून कडी नसायची, नुसता दगड लावलेला असायचा. कडी सकाळी त्यांना काढता यायची नाही, हे मला फार पुढे कळलं. पण तो दगड कडीहून पक्का. आत काय चालायचं ते मला फक्त ऐकू यायचं: मामलेदारांची मनधरणी, तांब्या लवंडल्याचा आवाज, “पहिलीचा वर्ग, गप्प बसा.” आणि शाळेच्या वेळेला ते दार उघडायचं तेव्हा आतून जी बाई बाहेर पडायची, तिला बघून कोणाचा विश्वास बसला नसता. पांढरं लुगडं चापूनचोपून नेसलेलं, अंबाडा घट्ट, पाठ फळ्यासारखी सरळ, छत्री काखेत. चालायच्या जरा सावकाश, पण ते लोक रुबाबात धरायचे. शाळेत मुली त्यांना टरकून असत. कान पिरगळायचा म्हणजे दोन बोटांत असा धरायच्या की सुटका नाही. ती दोन बोटं पहाटे एकमेकांना चिकटतही नव्हती, हे त्या मुलींना कोण सांगणार.

मार्चपासून शाळा सकाळची व्हायची तेव्हा मात्र त्यांचे हाल असत. बाकीच्या मास्तरणी खूश, उन्हाच्या आत सुटका. गोदूताई कोंबडं आरवायच्या कितीतरी आधी उठून शेकत बसायच्या, आणि सकाळची शाळा ज्याने काढली त्याला उद्देशून जे बोलायच्या ते कुडाच्या भिंतीतून मला अक्षरन् अक्षर ऐकू यायचं. इथे लिहीत नाही. शिक्षिकेच्या तोंडी शोभणारं नव्हतं.

आपला रोग लोकांना कळावा, ही त्यांची मोठी हौस. मात्र कळावा तो बोलून, बघून नव्हे. ओळखायच्या तीन खुणा त्यांनी बसवल्या होत्या आणि त्या पाढ्यासारख्या म्हणून घ्यायच्या. सकाळी उठल्यावर मूठ वळेनाशी होते का? दोन्ही हात सारखेच सुजतात का? काम करता करता ते सैल पडतात का? तिन्हीला हो आलं की दवाखाना. भाजीवालीला विचारायच्या, कासारणीला विचारायच्या. एकदा शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या बायकोला विचारलं. तिला वाटलं ही परीक्षाच आहे. ती घाबरून सगळ्याला हो म्हणाली.

एका चैत्रात या हौसेने त्यांची चांगलीच फजिती केली. माझ्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. गोदूताई विधवा, म्हणून बाहेर बसायच्या नाहीत. माजघराच्या दारामागे बसून आंब्याच्या डाळीचे द्रोण भरून द्यायच्या. तिथून त्यांना बायकांचे हात तेवढे दिसायचे. पन्ह्याचा पेला घेणारे, ओटीत हरभरे घेणारे. आणि त्या दिवशी त्यांना भलतंच दिसलं. एकीने पेला दोन्ही तळव्यांत धरला. दुसरीला मूठ मिटेना. तिसरी पंजा झटकत होती. चौथीच्या हाताला चक्क सूज. गोदूताईंनी मला आत बोलावलं. चेहरा इतका गंभीर की मला वाटलं, डाळ आंबली.

“वहिनी, निम्म्या आळीला झालाय.”

“काय झालाय?”

“माझा रोग. साथ आहे असं दिसतंय. डॉक्टर तर म्हणाले होते साथीचा नाही.”

आणि माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत त्या दारात येऊन उभ्या राहिल्या, बायकांना तीन खुणा सांगितल्या आणि सगळ्यांनी उद्याच्या उद्या दवाखान्यात जावं असं बजावलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग त्यांतल्या चौथीने, भागीरथीकाकूंनी, आपला सुजलेला हात वर केला आणि मनगटावरचा हिरवा चुडा खुळखुळवला.

“अहो मास्तरीणबाई, काल कासार आला होता आळीत. हळदीकुंकवासाठी बांगड्या भरल्यात सगळ्यांनी. मेल्याने हात पिळून काढले नुसते.”

जी हसाहस झाली ती विचारू नका. एकीचं पन्हं सांडलं. कासार आला तेव्हा गोदूताई शाळेत होत्या, आणि विधवेच्या मनात बांगड्या कशाला येतायत, म्हणून त्यांच्या डोक्यात ते आलंच नाही. त्याही हसल्या, पण त्या दिवसापासून आळीत कोणाचाही हात दुखला की, “मास्तरीणबाईंना दाखव, त्या लगेच रोग सांगतील,” ही थट्टा सुरू झाली. गोदूताई म्हणाल्या, “चालायचंच. निदान खुणा पाठ झाल्या सगळ्यांना.” पाठ झाल्या खऱ्या, पण थट्टेसाठी.

ही थट्टा पुढे एका मुलीला भोवणार होती.

भागीरथीकाकू वरच्या आळीतल्या. बाई वाईट नव्हे, हे आधीच सांगते. पहाटे उठून दळणारी बाई, दिवस वर आल्यावर उठणाऱ्या बाईकडे जशी बघते तशा त्या सगळ्या जगाकडे बघायच्या. एकुलता मुलगा विनू मुंबईला एका पेढीवर. त्याची बायको यमुना, पालीची. मुलगी गोरीपान, कामसू, हसरी. बाळंतपणाला माहेरी गेली आणि पोरीला घेऊन परत आली ती वेगळीच होऊन. सकाळी उठवेना, उठली तर जात्याचा खुंटा धरवेना, ताकाची रवी सुटून जायची. आणि दुपारी बघावं तर ओटीवर बसून पोरीला हसवण्यासाठी सागरगोटे उडवतेय.

माघ संपत आला होता. काकू आमच्या पडवीवर येऊन बसल्या आणि त्यांनी निकालच सांगितला.

“शिमग्याला विनू येतोय. तो आला की हिला पालीला पोचवायची. परत आणायला कोणी जाणार नाही. पोर इथे राहील. पुढचं पुढे.”

पुढचं म्हणजे दुसरी सून, हे तिथे बसलेल्या प्रत्येकीला कळलं. रविवार होता, गोदूताई घरात होत्या. त्या बाहेर आल्या.

“काकू, तिला माझा रोग आहे.”

“तुम्हाला सगळ्यांच्याच हातात तुमचा रोग दिसतो. गेल्या चैत्रात माझ्याही हातात दिसला होता.”

बायका हसल्या. मीही हसले असेन.

“मी विचारलंय तिला. तिन्ही खुणा आहेत.”

“खुणा तुम्हीच आळीला पाठ करून दिल्यात, आता आळशी सुनांना बरं झालं. सकाळी हिला पोर उचलायची तर कोपरांनी उचलते. आणि दुपारी सागरगोटे. हा कुठला वात, घड्याळ बघून येणारा?”

“घड्याळ बघूनच येतो तो. तेच मी इतकी वर्षं सांगतेय.”

“आणि तुमचं काय हो?” काकू आता सरसावून बसल्या. “तुम्हाला वात आहे म्हणता. रोज ताठ चालत शाळेत जाता. फळाभर लिहिता. माझ्या पुतणीचा कान पिरगळलात तो दिवेलागणीपर्यंत लाल होता. तुमचा वात तुम्हाला सगळं करू देतो, मग हिचाच काय मोठा लागून गेलाय?”

गोदूताईंना उत्तर द्यायचं तर दाराचा दगड काढावा लागणार होता. इतकी वर्षं त्यांनी जे नेटाने झाकलं, त्याचाच पुरावा त्या मुलीच्या विरुद्ध उभा राहिला होता. त्या आत गेल्या.

संध्याकाळी मला हाक आली.

“वहिनी, उद्या पहाटे काकूंना माझ्याकडे घेऊन या. उजाडायच्या आत.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले.

“आणि तुम्ही दारात थांबायचं. आत आलात की तुम्ही चहा आणाल, गरम पेला हातात आला की बोटं सैल होतात. मग दाखवायचं काय?”

मी वरच्या आळीत जाऊन निरोप सांगितला. काकू दचकल्याच.

“सकाळच्या पारी? तुला काय कळतं की नाही गो? सकाळच्या पारी आधी देवाचं तोंड बघतात.”

विधवेचं तोंड बघत नाहीत, हे त्यांनी म्हटलं नाही आणि म्हणायची गरजही नव्हती. मी जसंच्या तसं परत येऊन गोदूताईंना सांगितलं. असले निरोप गोड करून सांगण्यात मला अर्थ वाटत नाही. त्या हसल्या.

“त्यांना म्हणावं, तोंड बघू नका, हात बघा. मी तोंडावर पदर घेऊन बसेन.”

काकू आल्या. मनाची तयारी करून आल्या की नुसत्या कुतूहलाने, ते त्यांनाच ठाऊक. कुतूहल काकूंच्या सोवळ्याहून नेहमीच दोन बोटं वर असायचं. मी दार लोटून आतला दगड मागे सरकवला आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आत चिमणी लावलेली होती. गोदूताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या, कबूल केल्याप्रमाणे पदर हनुवटीपर्यंत ओढून. तो रात्रीच तसा घेऊन निजल्या होत्या की काय कोण जाणे. काकू जमिनीकडे बघत आत गेल्या आणि भिंतीशी बसल्या. एकीचं तोंड झाकलेलं, दुसरीची मान खाली. मुलगी बघायला आल्यासारखा सगळा थाट.

“बघा,” गोदूताई म्हणाल्या.

त्यांनी हात मांडीवर पुढे ठेवले होते. ते हात मी रोज बघत होते, पण ते खडू धरलेले, छत्री धरलेले. हे वेगळेच होते. मनगटं तट्ट फुगलेली. पेरांपेरांवर गाठी. सगळी बोटं एका अंगाला कललेली, खाऱ्या वाऱ्याने बंदरावरचे माड कलतात तशी.

मग त्या आपल्या सकाळच्या कामाला लागल्या. कोणासाठी काही करून दाखवताहेत असं मुळीच नव्हतं. उशाशी पाण्याचा पेला होता. तो बोटांनी धरता येत नव्हता. त्यांनी दोन मनगटांत तो अडकवला, वर उचलला, तो निम्म्यात फिरला आणि पाणी खाटेवर सांडलं. काकू चटकन उठल्या.

“बसा काकू. मदतीला नाही बोलावलं.”

काकू बसल्या. सकाळी रिकामं बसायची त्या बाईला सवय नाही. त्यांनी कनवटीचा कापूस काढला आणि वाती वळायला घेतल्या.

“ते पण ठेवा. तुमचे हात चालताना दिसले की माझ्या हातांना मत्सर वाटतो.”

कापूस परत कनवटीला गेला. गोदूताईंनी पाय खाली सोडायला घेतले. मामलेदारांची आर्जवं झाली, अव्वल कारकुनाला दटावून झालं, पण परक्या बाईसमोर हलक्या आवाजात. त्या गडबडीत तोंडावरचा पदर घसरला आणि खांद्यावर आला. त्यांनी हात वर नेला. बोटांना तो धरता येईना. मनगटाने ढकलायला गेल्या, तो आणखी खाली गेला. दुसरा हात नेला. कोपराने बघितलं. त्या पदराशी झगडत राहिल्या, कारण शब्द दिला होता. तोंड वळवून त्या भिंतीकडे करायला गेल्या, तर मानही वळेना.

काकूंनी वर बघितलं. सरळ तोंडाकडे.

“राहू दे तो पदर,” त्या म्हणाल्या.

मग काकूंनी विचारलं, “रोज असंच?”

“पावसाळ्यात जास्त.”

“आणि ती पण अशीच उठते?”

“अशीच. तिला फक्त दार लावून घ्यायची सोय नाही.”

काकू लगेच उठल्या नाहीत. हे हात सैल कधी होतात, एवढंच त्यांनी विचारलं. ऊन पायरीवर आलं की, असं उत्तर मिळालं. ऊन पायरीवर येईपर्यंत त्या तिथे बसून होत्या. घरी त्यांची चूल थंड होती, आणि असं त्यांच्या घरात कोणी आजारी नसताना कधी झालं नसेल. मला चहा आणायची परवानगी मिळाली. काकूंनी तो घेतला नाही. देवपूजा व्हायची होती, तेवढं सोवळं त्यांनी राखलं.

शिमग्याला विनू आला, पालखी नाचवून, पोरीला खांद्यावर घेऊन गावभर हिंडला आणि पौर्णिमेनंतर बोटीने परत गेला. यमुना कुठेच गेली नाही. आपली चूक झाली असं काकू कोणाजवळ बोलल्या नाहीत. बोलतील अशी अपेक्षाही कोणाची नव्हती. त्यांनी विहिरीवर जाहीर केलं की पहाटेच्या दवात दळलेलं पीठ चिकट होतं, म्हणून आमच्याकडे आता दुपारी दळतो. आळीतल्या दोन-तीन घरांनी ते खरं मानून आपलंही दळण दुपारी नेलं. ताक काकू स्वतः घुसळायला लागल्या, कारण सूनबाईंना लोणी काढायची नीट अक्कल नाही. आणि मोठ्या दवाखान्यात यमुनेला घेऊन गेल्या तेव्हा डॉक्टरांना तीन खुणा त्यांनीच ऐकवल्या.

गोदूताईंच्या दृष्टीने खरी आफत पुढेच होती. त्यांच्या व्याख्यानांनी इतकी वर्षं जे झालं नाही ते काकूंनी एका मोसमात करून टाकलं. कुठे कोणाची सून सकाळी आंबलेली दिसली, की काकू तिच्या सासूला हाताला धरून उजाडताना आमच्या पडवीत हजर. “हात दाखवा हो मास्तरीणबाई.” खालच्या आळीतल्या, बंदरावरच्या, एकदा तर परटवण्याची एक सासू सुनेसकट. तोंड बघायचं की नाही हा प्रश्न कोणी काढला नाही. काकूंनी तो काढू दिला नाही.

“मी माणूस आहे की जत्रेतला देखावा?” गोदूताई मला म्हणायच्या. “उद्यापासून दगड लावणार बघा.” पण दगड त्यांनी उचलून विहिरीच्या कट्ट्याला टेकण म्हणून देऊन टाकला होता.

सगळ्याच काही खऱ्या आजारी निघायच्या नाहीत. एकीला नुसता थकवा होता, तिला त्यांनी सासूदेखत चार दिवस झोपायला सांगितलं. एक खरोखरच आळशी होती. तिलाही त्यांनी दवाखान्यात धाडलं. म्हणाल्या, “जाऊ दे, तेवढंच फिरणं होईल.”

गेल्या पावसात मामलेदार कायमचे रजेवर गेले. गोदूताईंना काठी घ्यावी लागली, मग काठीही पुरेना. शाळा सोडली. भाचा भला आहे, त्याने आग्रहाने बोलावलं. पावसाळ्यात बोटी बंद होतात, म्हणून मेमध्येच जायचं ठरलं.

बोट सकाळची. “बोटवाल्यांपैकी एकालाही वात नाही, हे यावरून कळतं,” त्या काल म्हणाल्या. आज आम्ही त्यांना गाडीतून बंदरावर नेलं. काकू होत्या, यमुना होती. बोट लांब उभी राहते, तिथवर पडावातून जावं लागतं, आणि पडावापर्यंत पाण्यातून. दोन खलाशांनी त्यांना लाकडी खुर्चीसकट उचललं. एकाने खांदा वर धरला, एकाने खाली, आणि खुर्ची कलली.

“अरे, दोघांची उंची सारखी बघून तरी उचलायचं होतंत. शाळेत कधी रांगेत उभे राहिला होता की नाही?”

“गप बसा बाई, पडाल.”

“पडले तर तुझं नाव घेऊन पडेन. नाव सांग.”

असं करत त्या पडावात बसल्या. छत्री उघडता येत नव्हती, ती एका खलाशाने उघडून त्यांच्या काखेत रोवली. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, मान वळत नाही हे आम्हाला माहीत होतं. पडाव बोटीला लागेपर्यंत ती छत्री दिसत होती, आणि छत्रीखाली गोदूताई त्या खलाशाला काहीतरी समजावून सांगत होत्या. तो वल्हं सोडून स्वतःची मूठ मिटून बघत होता.

इथवर काल लिहून ठेवलं. आज उजाडताना पडवीत पावलं वाजली. नाचणे गावची कोणी एक बाई आणि तिच्या मागे सून, दोन्ही हात पदराखाली घेतलेली. बाईने मास्तरीणबाईंना विचारलं. त्या काल बोटीने गेल्या, असं मी सांगितलं.

“आता गो? एवढ्या लांबून आलो आम्ही.” तिने सुनेकडे असं बघितलं की तो दोषही तिचाच.

मी दाराला कडी घातली आणि दोघींना वरच्या आळीला घेऊन गेले. काकू ओटी सारवत होत्या. कोण, कशाला आल्यात ते मी सांगितलं. त्यांनी हात धुतले, आत बघून हाक मारली.

“यमू, बाहेर ये. जमेल तशी ये, घाई नको.”

यमुना भिंतीला धरून आली आणि खांबाशी बसली. काकूंनी नाचणे गावच्या बाईला पाट दिला. “बस बाय. ऊन यायला वेळ आहे, तोवर कुठे जायचं नाही,” त्या म्हणाल्या. यमुनेने हात मांडीवर पुढे ठेवले. ती दुसरी मुलगी अजून उभीच होती. तिने जरा वेळ त्या हातांकडे बघितलं, मग यमुनेच्या शेजारी बसली आणि पदराखालचे आपले हात काढून तिच्या हातांशेजारी ठेवले.